निवाडा आपला नव्हे: ख्रिस्ती विश्वास, मनातली शंका आणि इतरांचा स्वीकार

येशू ख्रिस्तावर मनापासून विश्वास ठेवणाऱ्या माणसाला दोन प्रश्न कधी ना कधी गाठतात. पहिला बाहेरून येतो. वेगळ्या धर्माची, वेगळ्या पंथाची किंवा कोणताच धर्म न मानणारी माणसे आपल्या नात्यात, मैत्रीत आणि कामाच्या ठिकाणी असतात, त्यांतली काही आपल्याहून अधिक प्रामाणिक आणि दयाळू असतात, आणि ‘ख्रिस्तावाचून तारण नाही’ हे वाक्य तर आपण लहानपणापासून ऐकलेले असते. मग या माणसांना निःसंकोचपणे आपले मानायचे, की त्यांच्याविषयी मनात कायम एक अंतर राखायचे? दुसरा प्रश्न आतून येतो. प्रार्थना करताना पलीकडे कोणी ऐकत आहे की नाही असे वाटू लागते, पवित्र शास्त्रातला एखादा प्रसंग पटेनासा होतो, किंवा एखाद्या लहान मुलाच्या मृत्यूनंतर देवाच्या चांगुलपणाची स्तोत्रे तोंडातून निघत नाहीत.

या दोन प्रश्नांना सहसा वेगवेगळी उत्तरे दिली जातात. पहिल्याला ‘सर्वांवर प्रीती करा’ असे सांगून, आणि दुसऱ्याला ‘अधिक प्रार्थना करा’ असे सांगून वाटेला लावले जाते. माझ्या मते दोन्हींची गाठ एकाच ठिकाणी बसलेली आहे. श्रद्धा म्हणजे संपूर्ण खात्री, असे एकदा गृहीत धरले की शंका घेणारे स्वतःचे मन आणि वेगळे मानणारा शेजारी हे दोघेही एकाच कारणाने धोकादायक ठरतात, कारण दोघेही त्या खात्रीला तडा देतात. उलट, माणसाचे ज्ञान अपुरे आहे आणि अंतिम निवाडा देवाचा आहे, ही ख्रिस्ती परंपरेतलीच शिकवण गांभीर्याने घेतली, तर विश्वास न सोडता दोघांनाही जागा देता येते. हे कसे, ते थोडे तपशिलाने पाहू.

प्रथम विश्वासाचे स्वरूप. ख्रिस्ती विश्वासात काही विधानांना दिलेली संमती असते: देव एक आहे, त्याने सृष्टी निर्माण केली, ख्रिस्त मेला आणि पुन्हा उठला. इ. स. ३२५ मध्ये निकाया येथील परिषदेने आणि ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथील परिषदेने या विधानांना मतांगीकाराचे, म्हणजे श्रद्धेच्या अधिकृत कबुलीचे, रूप दिले आणि आजही बहुतेक मंडळ्यांत (चर्चमध्ये) उपासनेच्या वेळी ते म्हटले जाते. परंतु केवळ संमती म्हणजे विश्वास नव्हे, हे नव्या करारातच बजावलेले आहे. याकोबाच्या पत्रात (२:१९) देव एक आहे हे भुतेही मानतात आणि थरथर कापतात, असे बोचरे वाक्य आहे. संमतीच्या जोडीला ज्याची अपेक्षा आहे तो भरवसा, म्हणजे एका व्यक्तीच्या हाती स्वतःला सोपवणे. संमती आणि भरवसा यांची चढउतार नेहमी बरोबरीने होत नाही. सगळी विधाने बिनचूक मानणारा माणूस संकटात देवाकडे वळतच नाही, असे होते. आणि अर्ध्या विधानांविषयी साशंक असलेला माणूस रात्री झोपण्यापूर्वी हात जोडल्यावाचून राहत नाही, असेही होते. या दुसऱ्या प्रकारच्या माणसाला ‘अविश्वासी’ म्हणणे सोपे आहे, पण त्याच्यात यांपैकी नेमके काय कमी आहे, हे सांगणे अवघड आहे.

आता शंकेकडे वळू. ज्या ग्रंथाच्या आधारे शंकेला पाप ठरवले जाते, त्या ग्रंथातच शंका घेणारी माणसे जागोजागी आहेत आणि त्यांना हाकलून दिलेले नाही. मार्ककृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात आजारी मुलाचा बाप येशूला एकाच दमात दोन गोष्टी सांगतो: माझा विश्वास आहे, आणि माझ्या अविश्वासाला तूच हात दे. त्याच्या मुलाला बरे करण्यापूर्वी त्याचा विश्वास आधी पुरता शुद्ध करून घेतला, असे तिथे काही घडत नाही. तुरुंगात पडलेला बाप्तिस्मा करणारा योहान, ज्याने स्वतः येशूची ओळख लोकांना करून दिली होती, तोही आपले शिष्य पाठवून विचारतो की येणारा तो तूच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी. संकटांनी ग्रासलेल्या ईयोबाच्या पुस्तकात देवाची बाजू तावातावाने मांडणारे मित्र शेवटी चुकीचे ठरतात आणि देवाशी भांडणाऱ्या ईयोबाचे बोलणे योग्य ठरवले जाते. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते. इतर विलापगीतांप्रमाणे शेवटी आशेचा एखादा चरण जोडण्याची गरज त्याच्या कर्त्याला वाटलेली नाही, आणि ते स्तोत्र प्रार्थनासंग्रहातून कोणी वगळलेले नाही.

येशूचा शिष्य थोमा याची गोष्ट सर्वांना ठाऊक असते, पण तिच्यातला एक तपशील वाचताना सहज निसटतो. पुनरुत्थित येशू शिष्यांना भेटला तेव्हा थोमा तिथे नव्हता. परत आल्यावर इतरांनी सांगितलेले त्याने मानले नाही आणि जखमांत बोट घातल्याशिवाय मानणार नाही, असे स्पष्ट सांगितले. त्यानंतर, योहानाच्या म्हणण्याप्रमाणे, आठ दिवस गेले. त्या आठ दिवसांत थोमा शिष्यांबरोबरच होता, कारण येशू पुन्हा आला तेव्हा तो त्याच घरात त्यांच्या सोबत होता. इतरांनी त्याला बाहेर काढले नाही आणि तोही निघून गेला नाही. ज्या घटनेवर सगळ्या ख्रिस्ती धर्माची उभारणी आहे तीच न मानणारा एक माणूस पहिल्या मंडळीत आठवडाभर जेवत-झोपत होता, ही गोष्ट मला त्याच्या अंतिम कबुलीइतकीच महत्त्वाची वाटते. मत्तयाच्या शेवटच्या अध्यायातही हेच दिसते: डोंगरावर अकरा शिष्यांनी येशूला नमन केले, पण काहींना संशय वाटला, असे लिहून लेखक लगेच पुढे जातो आणि साऱ्या राष्ट्रांकडे जाण्याची आज्ञा अकराही जणांना दिली जाते.

याच्या विरुद्ध बाजूचे वचनही आहे आणि ते लपवून उपयोग नाही. शंका घेणारा माणूस वाऱ्याने हेलकावणाऱ्या समुद्राच्या लाटेसारखा आहे, असे याकोब म्हणतो (१:६). मात्र तिथला रोख द्विधा मनाच्या माणसावर आहे, म्हणजे देवाकडे मागायचेही आणि त्याच्यावर विसंबायचेही नाही, अशा वृत्तीवर. प्रामाणिक अडचण आणि सोयीस्कर टाळाटाळ यांतला हा फरक पुढे धर्मशिक्षणातही आला. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथात जाणूनबुजून केलेली उपेक्षा आणि आपोआप मनात उठणारी शंका या दोन गोष्टी वेगळ्या मानल्या आहेत. विश्वासाविषयीच्या आक्षेपांवर मात करणे जड जाणे, किंवा श्रद्धेच्या गूढतेमुळे अस्वस्थता वाटणे, हे त्या दुसऱ्या प्रकारात मोडते. अर्थात तोच ग्रंथ अशी शंका मुद्दाम जोपासत बसू नये, असा इशाराही देतो.

सगळ्या शंका एका जातीच्या नसतात, हेही ध्यानात ठेवलेले बरे. सृष्टीच्या उत्पत्तीचे वर्णन आणि विज्ञान यांचा मेळ कसा घालायचा, ही बुद्धीची अडचण आहे आणि तिला वाचन, अभ्यास, जाणकारांशी चर्चा यांचा उपयोग होतो. जवळच्या माणसाच्या मृत्यूनंतर येणारी शंका युक्तिवादाने जात नाही. तिला सोबत लागते, आणि त्या वेळी तर्कशुद्ध उत्तर देणारा माणूस ईयोबाच्या मित्रांच्या पंक्तीत जाऊन बसतो. धर्मसंस्थेतल्या कोणी केलेल्या अत्याचारामुळे किंवा दांभिकपणामुळे निर्माण झालेली शंका आणखी वेगळी, कारण तिथे दोष शंका घेणाऱ्याचा नसतोच आणि त्याला विश्वासाचा उपदेश करण्याआधी न्याय मिळवून देणे आवश्यक असते. मदर तेरेसा यांची २००७ मध्ये प्रसिद्ध झालेली पत्रे वाचून अनेकांना धक्का बसला, कारण सुमारे अर्धशतकभर त्यांना देवाच्या अस्तित्वाचा अनुभव जवळजवळ येतच नव्हता, असे त्यांतून दिसते; त्यांची शंका बुद्धीचीही नव्हती आणि रागाचीही नव्हती, ती एक दीर्घ कोरडी पोकळी होती आणि तिच्यात राहूनच त्या काम करत राहिल्या.

मराठी वाचकाला या संदर्भात पंडिता रमाबाईंचे उदाहरण सर्वांत जवळचे आहे. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण घेताना आपली बुद्धी दाराबाहेर ठेवली नाही. त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव असल्याचा, सिद्धांत आणि ख्रिस्ताचे देवत्व या विषयांवर अँग्लिकन या इंग्लंडच्या अधिकृत ख्रिस्ती पंथाची शिकवण त्यांना जशीच्या तशी मान्य होत नव्हती, आणि त्यांना ख्रिस्ती धर्माकडे आणणाऱ्या धर्मभगिनींशी त्यांनी पत्रांतून या विषयांवर सडेतोड वाद घातला. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या प्रयासाने मान सोडवून घेतल्यावर तसेच दुसरे जोखड मानेवर घेण्याची आपली तयारी नाही, अशा आशयाचे त्यांचे म्हणणे होते. समोरच्यांना यात अहंकार दिसला. पुढे १८९० च्या दशकाच्या आरंभी त्यांना ख्रिस्ताचा खोल वैयक्तिक अनुभव आला, आणि आधी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता, असे त्यांनी मागे वळून पाहताना लिहिले. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबल मराठीत आणले. प्रश्न विचारण्याची मोकळीक त्यांनी सोडली असती, तर हे सगळे लवकर झाले असते, असे मानायला कोणताही आधार नाही. अर्थात प्रत्येकाची शंका अशा रीतीने निवळतेच, असे नाही. काही माणसे प्रामाणिकपणे विचार करूनच विश्वास सोडतात, आणि त्यांची गोष्ट अपुरी राहिलेली रमाबाईंची गोष्ट आहे, असे समजणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे.

इतरांच्या स्वीकाराच्या बाबतीत शास्त्रातला पुरावा दोन्ही बाजूंना ओढणारा आहे. चांगल्या शोमरोन्याच्या दृष्टान्तात जखमी माणसाला वाचवणारा परक्या आणि तिरस्कृत पंथाचा आहे, तर बाजूने निघून जाणारे याजक आणि लेवी आपल्याच धर्माचे आहेत. आणि त्या शोमरोन्याला येशू आपला पंथ सोडायला सांगत नाही. रोमी शताधिपतीविषयी तो म्हणतो की एवढा विश्वास इस्राएलातही आढळला नाही. आपल्याबरोबर न फिरणारा कोणी येशूच्या नावाने भुते काढतो, अशी तक्रार योहान करतो, तेव्हा त्याला मना करू नका, असे उत्तर मिळते. आणि शोमरोनी गावाने आसरा नाकारला म्हणून आकाशातून अग्नी पाडण्याची परवानगी शिष्य मागतात, तेव्हा येशू त्यांना दटावतो. दुसऱ्या बाजूला, माझ्याद्वारे आल्यावाचून पित्याकडे कोणी येत नाही, हे योहानाच्या चौदाव्या अध्यायातले वचन आहे, आणि दुसऱ्या कोणाकडूनही तारण नाही, हे प्रेषितांच्या कृत्यांच्या चौथ्या अध्यायातले पेत्राचे विधान आहे. ही वचने अवघड वाटतात म्हणून ती नसल्यासारखे वागणे, हा माझ्या मते स्वीकाराचा मार्ग नव्हे.

या वचनांचा अर्थ मंडळीने सर्वकाळ एकसारखा लावलेला नाही. दुसऱ्या शतकातील जस्टिन मार्टर याचे म्हणणे असे होते की देवाचा शब्द साऱ्या मानवजातीत बीजरूपाने पेरलेला आहे, आणि म्हणून विवेकाने जगलेले सॉक्रेटिससारखे लोकही एका अर्थी ख्रिस्तीच होते. तिसऱ्या शतकात कार्थेजचा बिशप सिप्रियन याने मंडळीबाहेर तारण नाही असे म्हटले, तेव्हा त्याच्यापुढे मुख्यतः मंडळीत फूट पाडणारे ख्रिस्ती लोक होते. पण तेच सूत्र पुढे अन्यधर्मीयांनाही लावले गेले आणि १४४२ मध्ये फ्लॉरेन्सच्या परिषदेच्या घोषणेत ते अतिशय कठोर शब्दांत नोंदले गेले. कॅथोलिक पंथाच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने मात्र १९६४ मध्ये असे मांडले की स्वतःच्या दोषावाचून ज्यांना शुभवर्तमान कळले नाही, परंतु जे प्रामाणिक मनाने देवाचा शोध घेतात, त्यांनाही तारण मिळू शकते, आणि १९६५ मध्ये इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते आपण नाकारत नाही, असे जाहीर केले. या स्थित्यंतराला कोणी शिकवणीचा विकास म्हणतात आणि कोणी तडजोड म्हणतात.

आज ख्रिस्ती विचारवंत स्थूलमानाने तीन भूमिकांत विभागलेले दिसतात. काहींच्या मते ख्रिस्तावर उघड विश्वास ठेवणाऱ्यालाच तारण आहे. काहींच्या मते तारण ख्रिस्तामुळेच होते, पण ते त्याला नावाने न ओळखणाऱ्यांपर्यंतही पोहोचते. जर्मन धर्मपंडित कार्ल राहनर यांनी अशा लोकांना ‘अनामिक ख्रिस्ती’ म्हटले. तिसरी भूमिका जॉन हिक यांच्यासारख्यांची, की सगळे मोठे धर्म एकाच परमसत्याला दिलेले वेगवेगळे प्रतिसाद आहेत. पहिली भूमिका सुसंगत आहे, पण त्या शोमरोन्यापुढे ती गप्प होते. तिसरी उदार वाटते, पण तिच्यात प्रत्येक धर्माला त्याच्या स्वतःच्या दाव्याहून काही वेगळेच म्हणायला लावले जाते, आणि ते मला फारसे आदराचे वाटत नाही. दुसरी मला सर्वांत जवळची वाटते. तरीही एखाद्या निष्ठावान बौद्धाला किंवा मुसलमानाला त्याने न मागितलेले ख्रिस्ती नाव देण्यात जो वडीलकीचा सूर आहे तो नाकारता येत नाही. मुख्य म्हणजे, शेजाऱ्याशी कसे वागायचे हे ठरवण्याआधी या तिन्हींतून एक निवडलीच पाहिजे, असे नाही.

हे लक्षात आणून देणारा सेबास्तियन कास्तेलियो हा माणूस सोळाव्या शतकात होऊन गेला. त्रैक्याचा सिद्धांत नाकारल्याबद्दल मिखाएल सर्व्हेटस या स्पॅनिश वैद्याला २७ ऑक्टोबर १५५३ रोजी जिनिव्हात जिवंत जाळण्यात आले, आणि तिथला धर्मसुधारक जॉन कॅल्व्हिन याने त्या शिक्षेचे लेखी समर्थन केले. एकेकाळी जिनिव्हाच्या शाळेचा प्रमुख असलेला आणि तेव्हा बाझेलमध्ये राहणारा कास्तेलियो याने या शिक्षेला विरोध केला. माणसाला मारल्याने सिद्धांताचे रक्षण होत नाही, फक्त एक माणूस मरतो, हे त्याचे म्हणणे प्रसिद्ध आहे. याच कास्तेलियोने १५६३ मध्ये, मृत्यूच्या वर्षी, शंका घेण्याच्या कलेवर एक ग्रंथ लिहायला घेतला. काही गोष्टी मानण्यासारख्या असतात आणि काहींविषयी शंका घ्यायची असते, आणि जिथे शंका घ्यायला हवी तिथे ती न घेतल्यामुळे माणसे एकमेकांचा छळ करतात, असा त्याचा युक्तिवाद होता. सहिष्णुतेवर लिहिणारा माणूस शेवटी शंकेकडे वळला, हे मला योगायोगाचे वाटत नाही.

तरीही शंका वाढली की सहिष्णुता आपोआप वाढते, असा सरळ हिशेब मांडता येत नाही. रॉजर विल्यम्स हा प्युरिटन उपदेशक आपल्या मतांविषयी इतका ठाम होता की त्याला अमेरिकेतल्या मॅसेच्युसेट्समधून हद्दपार करण्यात आले. १६३६ मध्ये त्याने प्रॉव्हिडन्स ही वसाहत स्थापन केली आणि तिथे प्रत्येकाला सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य दिले. क्वेकर या ख्रिस्ती पंथाची शिकवण त्याला अत्यंत चुकीची वाटत होती आणि १६७२ मध्ये, वृद्धपणी, त्याने त्यांच्याशी अनेक दिवस जाहीर वाद घातला. पण त्यांना वसाहतीतून हाकलण्याचा विचार त्याने केला नाही. त्याचा मुख्य आधार मत्तयाच्या तेराव्या अध्यायातला निदणाचा, म्हणजे तणाचा, दृष्टान्त होता: गव्हाच्या शेतात निदण उगवले तेव्हा चाकरांनी ते उपटायची परवानगी मागितली, आणि धन्याने कापणीपर्यंत दोन्ही बरोबर वाढू द्या असे सांगितले, कारण निदण उपटताना गहूही उपटला जाईल. हे शेत म्हणजे जग आहे, असे त्याच अध्यायात स्पष्ट केलेले आहे. चाकरांना निदण आणि गहू यांत फरकच नाही, असे धनी म्हणत नाही; उपटण्याचे काम तुमचे नाही, एवढेच तो म्हणतो. चौथ्या-पाचव्या शतकातल्या ऑगस्टीनसारख्या थोर धर्मपंडितानेही आधी या दृष्टान्ताच्या आधारे सबुरी शिकवली आणि पुढे पंथभेद करणाऱ्यांवर राजसत्तेची सक्ती योग्य मानली, यावरून हे संयमाचे काम किती अवघड आहे ते कळते.

स्वतःच्या शंकेलाही हीच सबुरी लागू पडते. आपण आता आरशात अंधुक पाहतो आणि अंशतः जाणतो, असे प्रेषित पौल करिंथकरांस लिहितो. हे वाक्य गांभीर्याने घेणाऱ्याला स्वतःच्या मनातली प्रत्येक शंका आजच्या आज उपटून टाकण्याची सक्ती वाटत नाही, आणि शेजाऱ्याच्या अंतिम गतीचा हिशेब आजच मांडण्याचीही गरज पडत नाही.

व्यवहारात याचा अर्थ सर्व गोष्टींना मान्यता, असा होत नाही. माणसाचा स्वीकार आणि त्याच्या प्रत्येक मताला होकार या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुबळ्याला इजा होत असेल तिथे सबुरी हा गुण उरत नाही. मतभेदांचा तपशील कठीणच असतो: समलिंगी जोडप्यांच्या प्रश्नावर मंडळ्या आज उघडपणे दुभंगलेल्या आहेत, आणि व्हॅटिकनने डिसेंबर २०२३ मध्ये विवाहाची शिकवण न बदलता अशा जोडप्यांना अनौपचारिक आशीर्वाद देण्याची मुभा दिली, तेव्हा ती काहींना फार वाटली आणि काहींना अपुरी वाटली. रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात पौल अशा वादांसाठी एक साधा नियम देतो: प्रत्येकाने आपल्या मनाची पुरती खात्री करावी, पण दुसऱ्याच्या चाकराचा न्याय करू नये, कारण तो आपल्याच धन्यापुढे उभा राहतो किंवा पडतो. स्वतःची खात्री आणि दुसऱ्याविषयी संयम यांत पौलाला विरोध दिसत नाही.

उरतो तो सुवार्ता सांगण्याचा प्रश्न, कारण साऱ्या राष्ट्रांकडे जाण्याची आज्ञा ख्रिस्ती माणसाला दिलेलीच आहे. पेत्राच्या पहिल्या पत्रात (३:१५) तुमच्या आशेचे कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा, आणि ते सौम्यतेने व आदराने द्या, असे सांगितले आहे. म्हणजे समोरच्याने विचारलेले असावे, उत्तर आपल्या स्वतःच्या आशेचे असावे, आणि ते देताना समोरच्याला ‘नाही’ म्हणण्याची पूर्ण मोकळीक असावी. आमिष, भीती किंवा अडचणीत सापडलेल्याची लाचारी यांचा वापर या अटींत बसत नाही. आपल्याला अजून न सुटलेले प्रश्न अशा संभाषणात उघड सांगण्यालाही कोणतीही आडकाठी नाही. ते सांगितल्यावर समोरचा माणूसही आपले प्रश्न मोकळेपणाने मांडू शकतो.